मासा मोजण्याआधी गवत ओळखायला शिका

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव भागात मत्स्यविज्ञान शिकलेली मुलगी दिसली की लोक एकच विचारतात, "यंदा बीज कोनतं टाकावं जी?" सुरुवातीची दोन वर्षं मीही याच प्रश्नाची उत्तरं देत फिरले. आता या कामात येऊ पाहणारं कोणी भेटलं, तर मी त्यांना आधी तलावात उतरवते आणि पायाला लागणाऱ्या गवताचं नाव विचारते. त्याचं कारण माझ्या एका चुकीत आहे.

मी ढिवराच्या, म्हणजे पिढीजात मासेमाराच्या, घरची. आजा डोंग्यावर, आई आठवडी बाजारात झिंगे विकायला. पदवी घेऊन गावी आले तेव्हा शेजारच्या गावातल्या मासेमारांच्या सहकारी संस्थेने त्यांच्या बोडीत, म्हणजे छोट्या तलावात, गवत फार झाल्याचं सांगितलं. मी ग्रासकार्प टाकायला सुचवलं. तो मासा पाणवनस्पती खातो, वजनही भराभर धरतो, पुस्तकात तसंच होतं. दोन वर्षांत बोडीचा तळ साफ झाला, पाणी गढूळ राहू लागलं आणि मरळ दिसेनाशी झाली. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसलेल्या एका बुढीने मला सांगितलं, "बाई, तू मासा टाकला, पन त्यानं मासोळीचं घरच खाल्लं." त्या वाक्याने माझं खरं शिक्षण सुरू झालं.

ती काय म्हणाली ते नीट समजून घ्या. मरळ पाणगवतात जागा करून अंडी घालते. पिल्लं निघाली की लालसर झुंड होऊन फिरतात आणि आईबाप त्यांची राखण करतात. गवताच्या पानांवर शेवाळ धरतं, त्यावर किडे जगतात, किड्यांवर पिल्लं. मांगूर, शिंगी, झिंगे, सगळ्यांना हा आडोसा लागतो. कटला, रोहू आणि मृगळ हे मुळात नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते आपणहून वीण घालत नाहीत, म्हणून त्यांचं बीज दर वर्षी विकत आणावं लागतं. गावठी मासा बीज मागत नाही, त्याला फक्त घर हवं. मोठे मासे टाकू नयेत असं मी म्हणत नाही. संस्थेला ठेक्याची रक्कम भरायची असते आणि ती बहुतेक त्यांच्यातूनच निघते. पण गवत खाणारा मासा आणि गावठी मासा यांचं गणित एकाच बोडीत बसत नाही, हे मी आज ठामपणे सांगते.

आपले हे तलाव कोणी बांधले तेही माहीत हवं. नवेगाव बांधसारखे तलाव कोहळी समाजाने बांधले. पाळ, तुडूम (पाणी सोडायची मोरी), सांडवा, सगळं गावच सांभाळायचं. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, रद्द करणारा कायदा 1950 चा. त्यानंतर तलाव सरकारकडे गेले, आज कागदावर ते 'माजी मालगुजारी', म्हणजे मामा तलाव. दुरुस्तीची गावाची जबाबदारी सुटली. पाळीवर आणि काठाच्या उथळ पाण्यात बेशरमीची झुडपं माजली. ही झुडपं मूळची दक्षिण अमेरिकेतली, गुरं तोंड लावत नाहीत, आणि ती धरली की खालचं गवत संपतं.

यावरचा उपाय आमच्याच भागात उभा राहिला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर समाजातले पतिराम तुमसरे यांनी म्हाताऱ्या मासेमारांकडून गवतांची आणि माशांची माहिती गोळा केली. मग लोकांबरोबर बेशरम उपटणं, उन्हाळ्यात कोरडा पडलेला तळ नांगरणं आणि पाऊस पडल्यावर दुसऱ्या तलावातून आणलेली गवतं लावणं असं काम सुरू झालं. निमगावच्या शालू कोल्हे यांनी बायकांना या कामात पुढे आणलं. माझ्या दृष्टीने यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच, कारण जाळं पुरुष टाकत असले तरी काठावरचं गवत, शिंगाडा, झिंगे यांची ओळख बायकांच्या हाताला जास्त असते. संस्थांच्या सभासद यादीत मात्र त्यांची नावं फार कमी सापडतात. तुम्ही काम सुरू कराल तेव्हा पहिल्या बैठकीला बायका नसतील तर बैठक पुढे ढकला.

समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हायडा लोकांची गोष्ट वाचली तेव्हा मला आमचीच पाळ दिसली. 1981 मध्ये त्यांच्यातले काही जण आपल्या जुन्या गावांची राखण करायला स्वतःहून जाऊन राहू लागले. 1985 मध्ये जंगलतोड अडवण्यासाठी ते रस्त्यावर उभे राहिले, अनेकांना अटक झाली. 1993 मध्ये ग्वाई हानास बेटांबाबत सरकारशी करार झाला, 2010 मध्ये भोवतालचा समुद्रही संरक्षणात आला. तिथल्या व्यवस्थापन मंडळात निम्मे हायडा आणि निम्मे सरकारचे असतात. डोंगरमाथ्यापासून समुद्राच्या तळापर्यंत एकच राखण. तिथेही समुद्रगवतात माशांची पिल्लं वाढतात. त्याच किनारपट्टीवर आदिवासी समाजांनी दगडांचे बांध घालून केलेल्या शिंपल्यांच्या बागा आहेत, काही साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या. आपल्या पाळी त्यांच्याएवढ्या जुन्या नाहीत, पण रीत तीच.

आता शिक्षणाचं. बारावी विज्ञान झालेल्यांना नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात चार वर्षांची पदवी आहे, पुढे मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. साधी बीएस्सी, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र, हीसुद्धा चालते. मला विचाराल तर या कामात वनस्पतिशास्त्र जास्त उपयोगी पडतं. पदवी नसलेल्या मुलामुलींनी मागे राहू नये. मी ज्यांच्याकडून शिकले त्यातल्या निम्म्यांना सही करता येत नव्हती.

पहिलं वर्ष तलावाच्या वर्षाप्रमाणे घाला. पहिला पाऊस पडला की सांडव्यावर उभं राहा आणि चढणीचे मासे, म्हणजे अंडी घालायला धारेविरुद्ध वर चढणारे मासे, पाहा. अंड्याने भरलेला मासा तेव्हा मारला जातो, आणि तो थांबवायचा तर गावाचाच ठराव लागतो, बाहेरच्याचा उपदेश कोणी ऐकत नाही. दिवाळीनंतर पाणी निवळलं की डोंग्यातून गवतांचा नकाशा काढा. मासेमारी सुरू झाली की कोणता मासा किती आला ते वहीत लिहा, गावात म्हणतात त्याच नावाने. शास्त्रीय नाव नंतर शोधता येतं, गावातलं नाव मात्र म्हाताऱ्यांबरोबर जातं.

कायदाही शिका. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3 मध्ये मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क, तसंच सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा हक्क आहे. ढिवर अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून आपल्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. जुने ठेक्याचे कागद, निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची जुनी नोंद), म्हाताऱ्यांचे जबाब, सगळं जपून ठेवा. हा हक्क वनजमिनीतल्या पाण्यावर चालतो. गावाजवळच्या मामा तलावाचा ठेका संस्थेकडे आणि तलाव जिल्हा परिषदेचा असतो, तिथे बोलणी वेगळी. मी या दोन्हींची गल्लत करून एक अर्ज परत आणला होता, सहा महिने गेले.

पैसा थोडा मिळतो. प्रकल्प असेल तेव्हा मानधन, नसेल तेव्हा शाळेत शिकवणं किंवा शेती. घरच्यांशी हे आधी बोलून घ्या.

त्या बोडीत आम्ही मागच्या दोन मे महिन्यांत बेशरम काढली आणि शेजारच्या तलावातली गवतं लावली. ग्रासकार्प टाकणं संस्थेने बंद केलं. गेल्या श्रावणात त्याच बुढीने मला हाक मारली. काठाशी, नव्या गवताच्या आडोशाला, लालसर पिल्लांची झुंड होती, आणि खाली काळी सावली फिरत होती. पुढच्या मे महिन्यासाठी अर्धा तलाव उरलाय. यायचं असेल तर टॉवेल, वही आणि पाण्याची बाटली आणा, विळे गावात मिळतात.