घरबसल्या ईमेलच्या मानकांना हातभार कसा लावावा

ईमेलचे नियम आयईटीएफ या इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संघटनेत ठरतात आणि आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत प्रसिद्ध होतात. तिथे सभासदत्व नाही, मतदान नाही, कंपनीचं पत्र लागत नाही. बलाढ्य कंपनीतला माणूसही तिथे व्यक्ती म्हणूनच बोलतो. त्यामुळे टीमशिवाय, गावाकडच्या खोलीत बसून कोड लिहिणाऱ्यालाही दार उघडं आहे. फक्त पहिल्याच दिवशी नव्या मानकाचा मसुदा घेऊन जाऊ नका. एकट्या माणसाने सुरुवात चुका शोधण्यापासून करावी.

१. आधी योग्य क्रमांक वाचा. 1982 मध्ये 821 आणि 822 आले, 2001 मध्ये 2821 आणि 2822, 2008 मध्ये 5321 आणि 5322. यातली 821, 2821, 5321 ही मालिका मेल पोहोचवण्याची (एसएमटीपी या पद्धतीची), तर 822, 2822, 5322 ही मेलच्या आतल्या मांडणीची. प्रसिद्ध झालेला आरएफसी कधीच बदलत नाही, सुधारणा नव्या क्रमांकाने येते. म्हणून आरएफसी एडिटरच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाच्या माहितीत ‘ऑब्सोलिटेड बाय’, म्हणजे त्याची जागा घेणारा नवा क्रमांक, आहे का ते बघा. नियमात ‘शुड’ हा शब्द आला, तर त्याचा अर्थ ‘नाही केलं तरी चालतं’ असा समजू नका. सबळ कारण असेल आणि परिणाम माहीत असतील, तरच तो नियम सोडता येतो.

चूक कशी सापडते? 2004 चा आरएफसी 3696 ईमेल पत्त्याची कमाल लांबी 320 अक्षरं सांगतो. ‘ॲट’च्या आधी 64, ‘ॲट’चा एक आणि नंतर 255, हिशेब बरोबर वाटतो. पण 821 पासून अख्ख्या पाथला, म्हणजे सर्व्हरला कोनी कंसात दिल्या जाणाऱ्या पत्त्याला, 256 बाइटची मर्यादा आहे आणि त्यात पत्त्याभोवतीचे दोन कोनी कंसही धरतात. उरले 254. ही दुरुस्ती इरेटा, म्हणजे प्रसिद्ध आरएफसीतल्या चुकीची नोंद, म्हणून नोंदली गेली आहे. तरीही 320 चा आकडा अजून कोडमध्ये भेटतो!

२. वाचलेलं स्वतःच्या मशीनवर तपासा. घरच्या ब्रॉडबँडवर मेल सर्व्हरचं 25 क्रमांकाचं पोर्ट बऱ्याचदा बंद असतं, त्यामुळे बाहेरच्या सर्व्हरच्या नादी लागू नका. पायथॉनचं एआयओएसएमटीपीडी हा छोटा मेल सर्व्हर टाका. ते आपल्याच मशीनच्या 8025 पोर्टवर चालतं आणि आलेला मेल पडद्यावर छापतं.

टीएलएस, म्हणजे जोडणीचं कूटलेखन, तपासताना ओपनएसएसएल हे साधन वापरलंत, तर एक सापळा आहे. मेल कोणाला जायचा ते सांगणारी ‘आरसीपीटी’ ही आज्ञा कॅपिटलमध्ये लिहिली की ओळीच्या सुरुवातीचा ‘आर’ ओपनएसएसएल स्वतःसाठीची आज्ञा समजतं आणि जोडणीची वाटाघाट नव्याने करू पाहतं. ती आज्ञा स्मॉल लिपीत लिहा, एसएमटीपीला दोन्ही सारखंच. ओळ संपवताना मात्र सीआर आणि एलएफ ही ओळ संपल्याची दोन्ही न दिसणारी चिन्हं जायलाच हवीत. मेलचा शेवट एकट्या टिंबाच्या ओळीने होतो. ती ओळ नुसत्या एलएफने तोडलेली असली, तरी काही सर्व्हर तिला मेलचा शेवट मानायचे, काही नाही. याच फटीतून एका मेलच्या पोटात दुसरा, खोट्या प्रेषकाचा मेल दडवता येतो, हे डिसेंबर 2023 मध्ये उघड झालं.

३. मराठी माणसाकडे जास्तीचं भांडवल आहे. देवनागरी पत्त्यांचे नियम फेब्रुवारी 2012 च्या 6530 ते 6533 या आरएफसींत आहेत. ‘ॲट’च्या आधीच्या भागाची 64 ची मर्यादा अक्षरांची नाही, बाइटची आहे. यूटीएफ-8 या अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे हाताशी फक्त 21 चिन्हं. ‘ज्ञानेश्वर’ची हलन्त आणि काने-मात्रे धरून दहा चिन्हं, म्हणजे 30 बाइट.

आता ‘कऱ्हाड’ घ्या. ऱ आणि हलन्त वापरून लिहिलं तर 18 बाइट. साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे हा जोडचिन्ह टाकला, तर 21. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि एनएफसी हे युनिकोडचं सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. असे नमुने बाइटसह लिहून काढा. ते परदेशातल्या तज्ज्ञाला सहज सुचणारे नाहीत.

४. इरेटा भरा. आरएफसी एडिटरच्या संकेतस्थळावर फॉर्म आहे. त्याआधी जुन्या नोंदी चाळा. कलम क्रमांक, मूळ वाक्य अक्षरशः, दुरुस्त वाक्य आणि कारण द्या. प्रकार दोनच, तांत्रिक किंवा संपादकीय. ‘हा नियम असा असायला हवा होता’ ही इरेटा नव्हे. प्रसिद्धीच्या वेळीच जे चुकलं होतं, तेवढंच इथे येतं. बाकीच्या कल्पना त्या विषयावर काम करणाऱ्या आयईटीएफच्या कार्यगटाच्या ईमेल चर्चेत मांडा. बैठकांतले निर्णयही तिथेच पक्के होतात, त्यामुळे अपरात्री ऑनलाइन बसलंच पाहिजे असं नाही.

५. मसुदा त्यानंतर. मार्कडाउन या साध्या मजकुराच्या पद्धतीत लिहून क्रॅमडाउन-आरएफसी या साधनाने मसुद्याच्या साच्यात रूपांतर करा आणि आयडीनिट्स या मसुदा तपासणाऱ्या साधनातून काढा. उदाहरणांत खरे पत्ते नकोत. एक्झाम्पल डॉट कॉम आणि 192.0.2 ने सुरू होणारे आयपी त्यासाठीच राखून ठेवले आहेत. मसुदा 185 दिवसांनी कालबाह्य होतो. काम चालू असेल तर नवी आवृत्ती चढवा.

इरेटावर ‘हेल्ड फॉर डॉक्युमेंट अपडेट’, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवली, असा शेरा आला तर नाराज होऊ नका. तो नकार नाही. पुढची आवृत्ती लिहिणारे त्या नोंदीपाशी थांबून विचार करतात.