परदेशात बास्केटबॉलवर पोट भरायचं असेल तर

पेडण्याच्या बाजारात मला अजून विचारतात, "तू तिकडे फुटबॉलच खेळतोस ना?" गोव्यातला पोरगा युरोपात खेळतो म्हटल्यावर लोकांना दुसरं काही सुचत नाही. मी बास्केटबॉल खेळतो. नऊ सीझन झाले, सहा क्लब झाले, पोर्तुगाल, स्पेन आणि जर्मनी असे तीन देश झाले. सगळे दुसऱ्या-तिसऱ्या डिव्हिजनमधले, लहान गावांतले क्लब. दर मे महिन्यात घरी आलो की चार पोरं भेटायला येतात आणि एकच गोष्ट विचारतात, तिकडे जायचं कसं? म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पोरांना वाटतं, आपला व्हिडिओ बघून क्लब भुलेल. व्हिडिओ बघतात, पण त्याआधी प्रश्न येतो, पासपोर्ट कुठला? प्रत्येक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात आणि त्या बहुतेक अमेरिकन पोरांना जातात. चार वर्षं कॉलेज खेळलेला, जोरात उडी मारणारा अमेरिकन समोर असताना कोच तुम्हाला का घेईल? पण युरोपीय न्यायालयाच्या 1995 च्या बॉसमन निकालानंतर युरोपीय संघाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात परदेशी म्हणून अडवता येत नाही. म्हणजे तोच खेळाडू, तीच उडी, फक्त पासपोर्ट युरोपचा असला की तो वेगळ्या रांगेत उभा राहतो.

भारतीय पासपोर्टवर कोणी गेलंच नाही असं नाही. 2015 मध्ये सतनाम सिंगला अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 52 व्या क्रमांकावर घेतलं. अमृतपाल सिंग 2017 मध्ये सिडनी किंग्जकडे गेला. त्याआधी गीतू ॲना जोस ऑस्ट्रेलियात रिंगवूड हॉक्सकडून खेळली होती. पण सतनाम सात फूट दोन इंच, अमृतपाल जवळपास सात फूट. मी सहा फूट चार. माझ्या उंचीची माणसं तिकडे पेट्रोल पंपावरही भेटतात.

मला आत घेतलं ते बाबांच्या जन्मनोंदीने. बाबा 1959 चे. 19 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा रस्ता आहे, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जन्म आणि लग्न लिस्बनला नोंदवायचं, मग आपली नोंद, मग पासपोर्ट. ऐकायला सोपं आहे. बाबांच्या जन्मनोंदीत 'नायक'चं पोर्तुगीज स्पेलिंग, शेवटी क्यू-यू-ई. शाळेच्या दाखल्यात साधा के. त्या एका अक्षरापायी दोन प्रतिज्ञापत्रं, एक वकील आणि दीड वर्ष गेलं. सगळं मिळून तीन वर्षं. बाबा सरकारी शाळेत मास्तर, त्यांना आपल्या पेन्शनची धास्ती. या नोंदीचा वडिलांच्या स्वतःच्या नागरिकत्वावर काय परिणाम होतो, हे आधी चांगल्या वकिलाला विचारा, एजंटाला नको.

आणि किंमत नीट समजून घ्या. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं गेलं, भारतीय संघाचा टी-शर्ट गेला. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. आमच्या शेजारची काजूची बाग विकायला निघाली तेव्हा ती मला घेता आली नाही, हे बाबा अजून जेवताना काढतात. रेल्वे, ओएनजीसी यांच्याकडे खेळाडूंना कोट्यातून नोकऱ्या असतात, बाबांना ती वाट बरी वाटायची. चुकीचं म्हणत नव्हते ते.

कागद झाला तरी खेळ राहतोच. गोव्यात सहा फूट चार म्हणजे सेंटर. शाळेपासून मला बास्केटखाली उभं केलेलं, पाठ देऊन रेटायचं आणि टाकायचं. पोर्तुगालला पहिल्या सरावात कोचने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि गार्ड्सच्या, म्हणजे लांबून चेंडू खेळवणाऱ्यांच्या गटात पाठवलं. माझा डावा हात म्हणजे शोभेचा. समोरचा एकोणीस वर्षांचा पोरगा मला दर वेळी डावीकडेच ढकलायचा आणि चेंडू काढून घ्यायचा. महिनाभर हेच. तेव्हा तुम्ही साडेसहा फुटांच्या आत असाल तर आजपासून डावा हात, धावत-धावत पास, आणि 6.75 मीटरवरून थ्री-पॉइंटर. बास्केटखालची कला घरी ठेवून जा.

आता कंत्राट. रकमेकडे सगळे बघतात, तुम्ही तारखेकडे बघा. पगार दर महिन्याच्या कितव्या दिवशी, आणि तो हातात येणारा की कर कापायच्या आधीचा, हे लिहिलेलं हवं. माझा पहिला पगार महिना 600 युरो, दोघांत एक फ्लॅट, दुपारचं जेवण गावातल्या एका खानावळीत, आणि त्या बदल्यात संध्याकाळी क्लबच्या चौदा वर्षांखालच्या मुलांना शिकवायचं. खालच्या डिव्हिजनमध्ये शिकवणं हे कामातच धरलेलं असतं. भाषा त्या पोरांनीच मला शिकवली, त्यामुळे तक्रार नाही.

नोव्हेंबरचा पगार आला नाही. डिसेंबरचाही नाही. आपल्या मराठीतला 'पगार' हा शब्द मूळ पोर्तुगीज. त्यांच्याकडे त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. मी मॅनेजरच्या टेबलासमोर उभा राहून तेवढाच शब्द म्हणायचो आणि तो कॉफी ढवळत म्हणायचा, "आमान्यां." उद्या. पंचवीस-तीस वेळा तरी ऐकलं असेल. जानेवारीत एक महिन्याचे मिळाले, दुसऱ्याचे बुडाले. कारण माझ्या कंत्राटात लवादाचं कलमच नव्हतं. बास्केटबॉलसाठी 2007 पासून एक स्वतंत्र लवाद आहे, बीएटी म्हणतात, त्याचं कायदेशीर ठिकाण जिनिव्हा. क्लबने निकाल पाळला नाही तर फिबा, म्हणजे बास्केटबॉलची जागतिक संघटना, त्याला नवे खेळाडू नोंदवू देत नाही, त्यामुळे क्लब दचकतात. पण ते कलम कंत्राटात लिहिलेलं असेल तरच दाद मागता येते, आणि फी आधी आपल्या खिशातून भरावी लागते. सहाशे युरोसाठी कोणी जिनिव्हाला जात नाही हे खरं. तरी कलम असलं की मॅनेजर कॉफी ढवळायचं थांबवतो.

दुखापतीचं कलमही तसंच, लिहिलेलं हवं. स्पेनमध्ये घोटा मुरगळला, सहा आठवडे बाहेर. क्लबने तिसऱ्या आठवड्यात दुसरा माणूस आणला आणि मला फ्लॅटची चावी मागितली. आधीच्या देशाच्या फेडरेशनचं क्लिअरन्स पत्र आल्याशिवाय नव्या क्लबकडून खेळता येत नाही, तेव्हा क्लब सोडताना भांडण करायचं असेल तर सगळे कागद हातात आल्यावर करा.

एजंटबद्दल एवढंच, फिबाचा परवाना बघा, आणि 'आधी पैसे भरा' म्हणणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा. एजंटाची दलाली साधारण क्लब देतो.

दिवस कसा जातो हेही विचारतात. कंटाळवाणा जातो. सकाळी वजनं, दुपारी झोप, संध्याकाळी मुलं, रात्री सराव, शनिवारी पाच तास बसमध्ये. सीझन ऑगस्टअखेरच्या सरावाने सुरू होतो आणि एप्रिल-मेपर्यंत चालतो. त्यामुळे नऊ वर्षांत मला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, मिळालेली नाही. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली की आई व्हिडिओ कॉल लावते आणि फोन उलटा धरते, मला फक्त सुपाऱ्या आणि छप्पर दिसतं.

सुट्टीतला सराव हे आपलं खास दुखणं. मे ते ऑगस्ट घरी, आणि त्यातले अडीच महिने धो-धो पाऊस. उघड्या सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरतं, तिथे पाय टाकू नका, माझा एक मित्र गुडघा घालवून बसलाय. मी एका शाळेच्या शेडखाली सकाळी सहाला जातो. पत्रे दोन ठिकाणी गळतात.

यंदा तिथे एक पोरगा येऊ लागला. सतरा वर्षांचा, सहा फूट दोन, हात लांब, कान उघडे. मी पहिलं विचारलं, "आजोबा कुठले रे तुझे?"

"सावंतवाडी."

म्हणजे तेरेखोल नदीपलीकडचे, गोव्याबाहेरचे. संपलं. लिस्बनच्या दप्तरात त्याच्यासाठी काही नाही. त्याला सांगितलं की तुझा रस्ता शिक्षणाचा. जर्मनीत किंवा ऑस्ट्रेलियात शिकायला जा, तिथल्या गावच्या क्लबात नाव घाल, खालून वर ये. आणि बारावीचे मार्क कमी पडले तर कोट्याच्या नोकरीच्या चाचण्या चुकवू नकोस. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "डाव्या हाताचं काय करायचं ते आधी सांग ना, दादा."

आता तो रोज माझ्याआधी येतो. पत्रे गळत नाहीत त्या कोपऱ्यात, उजवा हात पाठीमागे पट्ट्याला खोचून, दोनशे ड्रिबल.