आधी पत्ता वाचा: संदेष्ट्यांची पुस्तकं अभ्यासताना या चुका टाळा

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 हे वचन भिंतीवरच्या कॅलेंडरपासून व्हॉट्सॲप स्टेटसपर्यंत सगळीकडे भेटतं. परमेश्वराच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं ते सांगतं. बोर्डाची परीक्षा असो की नोकरीची मुलाखत, हेच वचन पाठवलं जातं. त्याच्या लगेच आधीचं दहावं वचन मात्र कोणी पाठवत नाही, कारण त्यात मुदत दिली आहे: सत्तर वर्षं.

हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेमचा राजा, दरबारी, कारागीर आणि लोहार बंदिवान करून नेले. त्यांना यिर्मयाने मागे राहिलेल्या शहरातून हे पत्र धाडलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमक्ष सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मया त्या आशेवर पाणी फिरवतो: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या परक्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. संकल्प हिताचे होते, पण ते नातवंडांच्या वाट्याला येणार होते.

इथे मराठीची एक खोच आहे. आपलं 'तुम्हाला' आदरार्थी एकवचनही असतं, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की हे माझ्याशीच बोलणं चाललंय. मूळ हिब्रूत ते स्पष्ट अनेकवचन आहे, एका अख्ख्या जमातीला उद्देशून. वचन स्वतःला लावू नये असं मुळीच नाही. पण लावण्याआधी पाकिटावरचा पत्ता वाचायला हवा, आणि बहुतेक चुका तो न वाचल्यामुळेच होतात.

वहीत चार रकाने आखा: बोलतंय कोण, कोणाशी, कोणत्या राजाच्या काळात, आणि समोर संकट कोणतं. उत्तरं बहुधा पहिल्याच वचनात असतात. आमोस 1:1 मध्ये दोन राजे आणि एक भूकंप आहे. हाग्गय तर महिना आणि दिवसही देतो. योएल आणि ओबद्या राजाचं नावच देत नाहीत. तिथे रकाना कोरा सोडा, ओढूनताणून भरू नका.

पूर्वतयारीही नेमकी ठेवा. आमोसाआधी 2 राजे 14:23-29, यशयाआधी 2 राजे 15 ते 20, यिर्मयाआधी 2 राजे 22 ते 25, हाग्गय आणि जखऱ्याआधी एज्रा 1 ते 6. सोबत चार सनावळ्या पुरतात: 722 ला उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन अश्शूरच्या हाती पडलं, 586 ला दक्षिणेच्या यहूदाची राजधानी यरुशलेम बाबेलच्या, 539 ला बाबेल पारसाचा राजा कोरेश याच्या, आणि 520 ला मंदिराच्या कामाला पुन्हा हात लागला. सगळे आकडे इ.स.पू., म्हणजे मोठा आकडा आधीचा. अभ्यासवर्गात हे उलटं धरलेलं अनेकदा दिसतं, आणि मग आमोस हा यहेज्केलानंतरचा ठरतो.

'इस्राएल' या नावानेही फसगत होते. आमोस आणि होशेयात ते बहुधा उत्तरेचं राज्य असतं, ज्याची राजधानी शोमरोन. होशेय त्यालाच 'एफ्राईम' म्हणतो. यहेज्केलाच्या काळी ते राज्य बुडून सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती. तो 'इस्राएलाचे घराणे' म्हणतो तेव्हा समोर बसलेत ते यहूदातून आणलेले बंदिवान.

एक-एक वचन वेचून वाचण्याची सवय सगळ्यात महाग पडते ती आमोसात. पहिले दोन अध्याय नकाशा समोर ठेवून, सलग आणि मोठ्याने वाचा. हा माणूस दक्षिणेतल्या तकोवाचा मेंढपाळ, आणि त्याचा रोख उत्तरेच्या राज्यावर आहे. तो सुरुवात करतो दिमिष्कापासून, म्हणजे दमास्कसपासून. मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब: सगळे शेजारी, सगळे नावडते. दर वेळी तेच पालुपद, तीन अपराधांमुळे, होय, चार अपराधांमुळे. ऐकणारे माना डोलावत असणार. सातवं नाव यहूदाचं, भावकीतलं. वर्तुळ आवळत आवळत आठवा घाव इस्राएलावर पडतो, आणि तोच सगळ्यात लांबलचक. फक्त 2:6 उचललं तर हा सापळाच हातून निसटतो. नऊ अध्याय अर्ध्या-पाऊण तासात होतात, तेव्हा तुकडे पाडायचं कारण नाही.

तिथेच 2:8 मध्ये गहाण घेतलेल्या वस्त्रांवर लोळणाऱ्यांचा उल्लेख आहे. हे नुसतं वर्णन समजून पुढे जाऊ नका. निर्गम 22:26-27 उघडा. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्यास्तापूर्वी परत करायचं, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याजवळ दुसरं काही नाही. संदेष्टे नवा कायदा आणत नाहीत, लोकांनी मोडलेला जुनाच करार पुढ्यात ठेवतात. समासातले संदर्भ याच कामाचे आहेत.

यिर्मयात गोंधळ झाला तर आधी राजाचं नाव शोधा. अध्याय 24 सिद्कीयाच्या काळातला आहे आणि 25 त्याआधीच्या यहोयाकीमच्या. पुस्तक कालानुक्रमे रचलेलंच नाही. पानं चुकलेली नाहीत.

'भविष्य' या शब्दाने आपल्याकडे बरंच नुकसान केलंय. राशिभविष्याची सवय असलेला वाचक भाकीत आणि तारीख शोधत बसतो. संदेष्टा म्हणजे संदेश पोचवणारा, आणि त्याच्या इशाऱ्यात बहुधा 'वळलात तर' दडलेलं असतं. नियम यिर्मया 18:7-10 मध्ये आहे, उदाहरण 26:18-19 मध्ये. मीखा संदेष्ट्याने सांगितलं होतं की सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखं नांगरलं जाईल. यहूदाचा राजा हिज्कीया देवाला भ्याला आणि अरिष्ट टळलं. मीखा खोटा ठरला असं तिथे कोणीही म्हणत नाही.

नव्या करारातला उतारा मूळ जागी न वाचणं ही पुढची चूक. मत्तय 2:15 होशेय 11:1 उद्धृत करतो: मिसरातून मी माझ्या मुलाला बोलावलं. होशेयात ते भाकीत नाही, निर्गमाची आठवण आहे, आणि तो 'मुलगा' म्हणजे इस्राएल. मत्तयाला हे ठाऊक आहे; इस्राएलाची वाट येशू नव्याने चालतो, हेच तर त्याला दाखवायचंय. यशया 7:14 चंही तसंच. आधी अहाज राजाची घाबरगुंडी आणि त्याच्यावर चालून आलेले दोन राजे वाचा, 7:16 पर्यंत जा, मगच मत्तय 1:23 उघडा. क्रम उलटा केला तर अहाज गायबच होतो.

संदर्भ जुळत नसतील तर घाबरू नका. योएलाचे आपल्याकडे तीन अध्याय आहेत, हिब्रूत चार. आपलं 2:28 तिथे 3:1. मलाखीत उलट: आपले चार, त्यांचे तीन. अध्यायांची विभागणी मुळात बरीच नंतरची, म्हणून तिच्यावर फार विसंबूही नका. दुःख सोसणाऱ्या सेवकाचं गीत यशया 52:13 ला सुरू होतं; 53:1 पासून वाचलं तर पहिली तीन वचनं गळतात.

आणि मलाखी 3:10, दशांशाचं, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याचं वचन. त्यातलं भांडार म्हणजे मंदिराचं कोठार. माझ्या घरात अन्न असावं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. नहेम्या 13:10-12 सोबत वाचलं की कळतं, वाटा न मिळाल्याने मंदिराचे सेवक असलेले लेवी आपापल्या शेतांकडे निघून गेले होते. दानपेटीवर 3:10 हमखास दिसतं. पाच वचनं वर 3:5 आहे, त्यात मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांचा उल्लेख आहे.