फीवाढीविरुद्ध लढताना: आधी पावत्या, मग घोषणा

फीवाढीविरुद्धचं आंदोलन पुष्कळदा प्राचार्यांच्या केबिनमध्येच संपतं. शिष्टमंडळाला चहा मिळतो आणि प्रश्न येतो, "नेमकी कोणती फी, आणि कोणत्या नियमाविरुद्ध?" उत्तर नसेल तर बाहेर पाचशे जण असले तरी उपयोग नाही. म्हणून सुरुवात कागदांपासून करा.

वेगवेगळ्या वर्षांच्या, शाखांच्या आणि प्रवर्गांच्या पंधरा-वीस विद्यार्थ्यांच्या पावत्या गोळा करा आणि नावं झाकून त्यांच्या झेरॉक्स काढा. मग तीन रकान्यांचा तक्ता करा: माहितीपुस्तिकेत छापलेली रक्कम, मंजूर रक्कम आणि प्रत्यक्षात घेतलेली रक्कम. ट्यूशन, विकास, ग्रंथालय, परीक्षा, 'इतर' अशा बाबी सुट्या लिहा. गडबड बहुतेक वेळा 'इतर'मध्येच सापडते.

मंजूर रक्कम कुठे मिळते? महाराष्ट्रातल्या विनाअनुदानित अभियांत्रिकी, औषधनिर्माण, व्यवस्थापन, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यांच्या संकेतस्थळावर संस्थेनुसार आकडे असतात. साध्या बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी विद्यापीठाची परिपत्रकं पाहा. खासगी आणि अभिमत विद्यापीठांचं गणित वेगळं असतं. तिथे त्या विद्यापीठाचा स्वतःचा कायदा किंवा विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) नियम आधी वाचा.

आता तक्रारींचे तीन ढीग करा. मंजूर किंवा छापील रकमेपेक्षा जास्त घेतलेली फी हा पहिला. पावतीविना घेतलेले पैसे हा दुसरा. इथे १९८७ चा कॅपिटेशन फी (म्हणजे मंजूर फीपलीकडे उकळलेले पैसे) बंदी कायदा लागू होऊ शकतो. आणि फी रीतसर मंजूर आहे पण झेपत नाही, हा तिसरा. पहिल्या दोहोंसाठी मोर्च्यापेक्षा लेखी तक्रार जास्त कामाची. खरं आंदोलन लागतं ते तिसऱ्यासाठी. ढीग न करता सगळं एकाच निवेदनात कोंबलं, की प्रशासन सर्वांत सोप्या मुद्द्यावर तडजोड करून बाकीचं विसरतं.

तिसऱ्या ढिगातही निर्णयाची प्रक्रिया तपासाच. दिल्लीच्या जेएनयूमध्ये २०१९ साली वसतिगृहाची फी वाढली, तेव्हा रकमेइतकाच मुद्दा होता तो विद्यार्थी प्रतिनिधींना बाजूला ठेवून झालेल्या बैठकीचा. जानेवारी २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तात्पुरता आदेश देऊन नोंदणी राहिलेल्या विद्यार्थ्यांना ती जुन्या दराने करू दिली. उलट 'शिक्षणाचा बाजार थांबवा' ही घोषणा म्हणून ठीक. कायद्यात तेवढ्याने भागत नाही. २००२ चा टी. एम. ए. पै आणि २००५ चा इनामदार या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी नफेखोरीला आणि कॅपिटेशनला मनाई केली, पण संस्थेच्या विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवायला मुभा दिली. म्हणून बोट ठेवायचं ते लेखापरीक्षित हिशेबांवर.

हिशेब मिळवायला माहिती अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर, १० रुपये फी. 'फी का वाढवली?' असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण कायदा दस्तऐवज देतो, मतं नाही. असं लिहा: 'फीवाढीच्या ठरावाचा क्रमांक व दिनांक, त्या बैठकीचं इतिवृत्त आणि संबंधित परिपत्रकाची प्रत द्यावी.' खासगी महाविद्यालय 'आम्हाला हा कायदा लागू नाही' म्हणालं तर तोच अर्ज विद्यापीठाकडे किंवा प्राधिकरणाकडे करा. संस्थेने दिलेले कागद तिथे असतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. म्हणजे अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच हवा, परीक्षा तोंडावर आल्यावर नव्हे.

समांतर तक्रार महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे द्या. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त फी मागणं आणि मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणं या तक्रारीच्या बाबी आहेत. समितीने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा, त्यानंतर १५ दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येतं. निवेदन दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्याच. 'ठेवून जा, साहेब बघतील' म्हणाले तर तिथेच ईमेल करा. तीन नावांचं निवेदन म्हणजे त्या तिघांना उद्या हजेरीवरून बोलावणं. शंभर सह्या असल्या की तसं करणं अवघड जातं.

सवलतीच्या विद्यार्थ्यांची यादी वेगळी करा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना पात्र व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यांच्याकडून ते भरून घेतलं असेल, तर तुमच्या हातातला सर्वांत भक्कम मुद्दा तोच.

एवढं करूनही हलत नसेल तर धरणं. स्थानिक पोलीस ठाण्याला दिवस, वेळ, जागा, अंदाजे संख्या आणि दोन संपर्क नंबर लिहून पत्र द्या, पोच घ्या. त्या भागात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली किंवा नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदी आहे का, ते तिथेच विचारा. हे विसरलं की गुन्हे नोंदतात, आणि मग सगळी ताकद केस मागे घ्यायच्या मागणीत जाते. स्पीकर शक्यतो नकोच: शिक्षण संस्थेभोवतीचं १०० मीटर क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं असू शकतं. डफ, टाळ्या आणि पाठ केलेल्या पाच घोषणा पुरतात. परीक्षा विभागाचं दार अडवू नका. ज्यांच्यासाठी लढताय, तेच विद्यार्थी दुसऱ्या दिवशी तुमच्याविरुद्ध सही करतील.

चर्चेला पाच जण पाठवा, त्यात एक सवलतीवाली, एक वसतिगृहातली आणि एक पहिल्या वर्षाचा हवा. एकाने फक्त लिहायचं. तोंडी आश्वासनावर उठू नका. लेखी पत्रात चार गोष्टी बघा: किती रक्कम कमी किंवा परत, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाकोणाला, आणि आंदोलकांवर कारवाई नाही. 'विचार करू', 'समिती नेमू' या शब्दांपुढे तारीख लिहून घ्या. पुढच्या सत्राची पावती हातात आली की तीही तक्त्याच्या चौथ्या रकान्यात भरा.