फजिती झाल्यावर हसू का येत नाही? या चुका टाळा

निरोप घेऊन झाला, हात हलवून झाला, "चला, भेटू पुन्हा" म्हणूनही झालं. मग कळतं की दोघांनाही एकाच दिशेला जायचंय. एक जण उगाच खिशातून फोन काढतो, दुसरा बुटाची नाडी बांधायला वाकतो. दोघंही चांगली घर-नोकरी सांभाळणारी माणसं! अशा प्रसंगांत हसण्यासारखं भरपूर असतं. तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच आठवून पोटात गोळा येतो, आणि आपल्याला वाटतं की आपल्याकडे विनोदबुद्धीच नाही. माझं मत वेगळं आहे. विनोदबुद्धी असते, आपण ती भलत्या जागी लावतो.

स्वतःलाच झोडपणं

ही सगळ्यात घातक चूक, कारण ती नम्रतेसारखी दिसते. "मी ना, जन्माचा बावळट!" असं म्हटलं की समोरचे हसतात, प्रसंग निभावतो, आणि ते वाक्य आपल्याजवळ राहून जातं. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या. त्यांत स्वतःला सावरणारा विनोद आणि स्वतःला पाडणारा विनोद असे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिला ज्यांच्या अंगवळणी पडलेला असतो, त्यांच्यात चिंता कमी आढळते; दुसऱ्याची सवय असलेल्यांत चिंता आणि खिन्नता जास्त. बाहेरून मात्र दोन्हींना हशा सारखाच मिळतो, म्हणून फरक आपल्यालाच ओळखावा लागतो.

ओळखायची खूण सोपी आहे. वाक्यात माणसावर शिक्का मारलाय की घडलेलं सांगितलंय, ते बघा. समजा, अनोळखी माणसाला फोन करायचाय. कागदावर मुद्दे लिहिलेत, पहिलं वाक्य तीनदा पुटपुटून झालंय, घसा खाकरून झालाय. फोन लागतो. पलीकडून "हॅलो" येणार असं गृहीत धरलेलं, आणि येतं नुसतं "बोला". झालं, पाठ केलेलं पहिलं वाक्य गळून पडतं, आणि तोंडातून निघतं, "हो, बोला!" आता दोघंही एकमेकांच्या बोलण्याची वाट बघत थांबलेत. हे असंच्या असं सांगून बघा. कोणालाही बावळट म्हणावं लागत नाही. त्या दोन "बोला"मधली शांतता पुरेशी असते. बारकावा सांगितला की हसू येतं आणि ऐकणाऱ्याला त्याचा स्वतःचा फोन आठवतो.

वेळ चुकवणं

विनोदाचा अभ्यास करणारे संशोधक पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरेन यांनी २०१० मध्ये मांडलं की काहीतरी बिनसलंय आणि तरीही ते निरुपद्रवी आहे, या दोन्ही गोष्टी एकदम जाणवल्या की हसू येतं. मॅकग्रॉ आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मधल्या प्रयोगांतून पुढची गोष्ट दिसली: मोठं संकट दूर गेल्यावर हसण्याजोगं वाटतं, छोटी फजिती मात्र ताजी असतानाच. आपण नेमकं उलट करतो. नोकरी गेली त्याच संध्याकाळी विनोद करून दाखवतो आणि रस्त्यातला फसलेला निरोप वर्षभर मनात कोंडून ठेवतो. मोठा घाव मुरू द्या. छोटी गोष्ट तिथल्या तिथे बोलून टाका. "निरोप जरा लवकरच घेतला आपण," एवढं म्हटलं तरी दोघं मोकळेपणाने चालू लागतात.

सगळ्यांनी पाहिलं, असं धरून चालणं

मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात येईल असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं. चुकीच्या माणसाला हात केलात तर हेच आठवा.

प्रत्येक प्रश्नाला विनोदाने उत्तर देणं

याबद्दल मला खरंच काळजी वाटते. "कसा आहेस?" विचारलं की चुटका, "पैशांचं जमतंय ना?" विचारलं की चुटका. हळूहळू माणसं विचारणंच सोडतात; त्यांना वाटतं, याचं बरं चाललंय. जवळच्या एका तरी माणसाला आधी सरळ उत्तर द्या, हसणं त्यानंतर.

आणि काळजी सहा महिने जवळपास रोज पाठ सोडत नसेल, झोप, भूक, काम सगळं विस्कटत असेल, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. त्याआधीही जावंसं वाटलं तर थांबू नका. झोप कधीपासून उडाली, छातीत धडधड कशाने होते, कोणती कामं टाळली जातात, हे घरीच चिठ्ठीवर लिहून न्या. तिथे बसल्यावर हसून "तसं विशेष काही नाही" म्हणायची सवय उफाळून येते. तसं झालं तर चिठ्ठी सरळ त्यांच्या हातात द्या.