ख्रिस्ती कथालेखन : या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या नाताळ अंकासाठी येणारे लेखन मी बऱ्याच वर्षांपासून वाचतो आहे आणि दरवर्षी त्याच त्या चुका पाहून मन खट्टू होते. लिहिणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, पण त्यांना घाई फार असते.

येशूने सांगितलेल्या दाखल्यातील, म्हणजे बोधकथेतील, वस्तू बदलली की कल्पनाशक्तीचे काम संपले, असे समजणे ही सर्वांत मोठी चूक आहे. एका तरुणाने पेरणाऱ्याचा दाखला आपल्या शिवारात आणला आणि पेरणाऱ्याच्या हाती तिफण, म्हणजे बैलांनी ओढायचे पेरणीचे अवजार, दिली. चाड्यावर, म्हणजे तिफणीत बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरणारी बाई, बैलांच्या घुंगरांचा आवाज, असे वर्णन इतके सुरेख उतरले होते की मीही भुललो आणि ते प्रार्थनासभेत वाचून दाखवले. वाचन संपताच मागे बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, "बापू, तिफणीचं बी नळ्यातून सरळ तासात जाते अन् मातीखाली झाकते. मंग ते वाटंवर पडलं कसं, अन् पाखरानं खाल्लं कसं?" सभेत कोणालाच उत्तर देता आले नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील बी मुठीने फेकलेले आहे, म्हणूनच ते काही वाटेवर, काही खडकाळीवर, काही काटेरी झुडपांत पडते; तिफण आली की दाखल्याचा कणाच मोडतो. पूर्व विदर्भात आवत्या धान मुठीने फेकून पेरतात, ती बांधी, म्हणजे धानाचे बांध घातलेले शेत, या लेखकाने निवडायला हवी होती. खडकाळीसाठी तर त्याच्या घरातच शब्द होता : बरड. वर दोन बोटे माती, खाली मुरूम; पहिल्या पावसात पीक तरारते आणि पावसाने ताण दिला की करपते. तेव्हापासून माझा नेम असा, की मजकुरात अवजार आले की तो आधी ते अवजार चालवणाऱ्याला वाचून दाखवायचा.

इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि ख्रिस्ताची कथा सांगणारे त्यांचे मराठी काव्य 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले; जवळपास अकरा हजार ओव्यांमागे इतक्या वर्षांचा भाषेचा सहवास होता. आमचे नवे लेखक शनिवारी लिहायला बसतात आणि रविवारी छापायला देतात, हे मला मुळीच मान्य नाही.

विदर्भातील नाताळात बर्फ पाडू नका. स्वयंपाकघरातील आईच्या तोंडी पवित्र शास्त्राच्या भाषांतराची भाषा घालू नका. प्रत्येक पापी माणूस दारुडाच असला पाहिजे, असेही नाही.

दुसरी चूक मला अधिक दुखावते, कारण तिच्यात माझा वाटा आहे. कर्जबाजारी कापूस उत्पादकाची एक कथा मी छापली होती. शेवटच्या पानावर तो गुडघे टेकतो आणि दुसऱ्या सकाळी कर्ज फिटते. जिच्या घरचा माणूस कर्जापायी गेला होता, अशा एका बहिणीने तो अंक माझ्या हातात परत ठेवला आणि एवढेच म्हणाली, "भाऊ, आमी का प्रार्थना केली नव्हती?" त्या रात्री मी लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय, उधळ्या पुत्राचा दाखला, पुन्हा वाचला. धाकटा घरी परतला म्हणून मेजवानी चालली आहे, थोरला भाऊ अंगणात रागावून उभा आहे, बाप त्याची समजूत घालतो आहे, आणि तो आत गेला की नाही हे प्रभू सांगत नाही. जुन्या करारातील योनाचे पुस्तक तर प्रश्नावरच थांबते. ज्या शास्त्रावर आपला विश्वास आहे, तेच इतका धीर धरत असेल, तर शेवटच्या परिच्छेदात सर्वांचे डोळे पुसण्याची घाई आपण का करावी? आता कोणतीही कथा हाती आली की मी शेवटचा परिच्छेद झाकून वाचतो. बहुतेक वेळा कथा त्याच्या आधीच पूर्ण झालेली असते.

त्याच लेखकाने पुढच्या वर्षी ती कथा नव्याने लिहून आणली. तिच्यात कर्ज तसेच आहे. शेतकरी थंडीत तुरीच्या जागलीला निघतो आणि बायको फडक्यात भाकर बांधताना स्तोत्राची एकच ओळ गुणगुणते. त्या अंकाची पहिली प्रत मी त्या बहिणीच्या घरी नेऊन दिली.