गाडीत पावसाचं पाणी येऊन राहिलं? आधी ती सिलिकॉनची ट्यूब खाली ठेवा

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपून जूनच्या दोन-चार दणक्याच्या सरी पडल्या की आमच्याकडे नागपुरात एकाच टाइपच्या गाड्या यायला लागतात. डाव्या पायाजवळचं कार्पेट ओलं, आत कुबट वास, काचा आतून धुरकट, आणि मालक घरूनच सगळं ठरवून आलेला असतो, "भाऊ, समोरच्या काचेतून पाणी येऊन राहिलं, सिलिकॉन मारून द्या." माझं काम कारच्या एसीचं आणि वायरिंगचं. पाणी कुठून आलं ते शोधणं खरं म्हणजे माझ्या वाट्याचं नाही, पण त्या पाण्यानं ब्लोअर (एसीची हवा फेकणारा पंखा) बसला किंवा सेंट्रल लॉक आपोआप खटखट करायला लागलं की गाडी शेवटी माझ्याच दारात उभी राहते, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिली गोष्ट, जी ऐकायला कोणालाच वेळ नसतो: गाडीच्या बॉडीत पाणी शिरणारच आहे हे धरूनच गाडी बनवलेली असते. दाराच्या काचेला बाहेरून जे रबर लागतं ते फक्त काच पुसतं, पाऊस दाराच्या पोटात जातोच आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतो. सनरूफच्या भोवती पन्हाळ असते, तिच्या कोपऱ्यांतून पाइप छत धरणाऱ्या खांबांच्या आतून खाली उतरतात. वायपरखाली जी काळी प्लास्टिकची जाळी दिसते तिच्यात अख्ख्या काचेवरचं पाणी जातं आणि दोन्ही बाजूंनी फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) मागून खाली पडतं. म्हणजे पाणी आत आलं की दहातल्या बहुतेक वेळा कुठं नवीन भोक पडलेलं नसतं, जुनं भोक बुजलेलं असतं. आणि लोक काय करतात, तर उरलेली भोकंही सिलिकॉननं बुजवतात.

सिलिकॉनबद्दल जरा सविस्तरच सांगतो कारण यावर माझं डोकं लय तापतं.

त्रिमूर्तीनगरकडचे एक काका, गाडी पाच-सहा वर्षं जुनी हॅचबॅक, घरासमोर मोठा कडुलिंब, गाडी कायम त्याच्याच सावलीत. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो, सावली सापडली तर कोण सोडेल. पहिल्या पावसात डावीकडचं कार्पेट भिजलं. उन्हाळ्यात हायवेवर दगड लागून काच बदललेली होती, म्हणून काकांनी ठरवलं की काचवाल्यानंच काम बिघडवलं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून बाथरूमचं सिलिकॉन आणलं आणि काचेच्या चारही बाजूंनी बोटानं लिंपलं. पुढच्या पावसात पुन्हा पाणी. मग कोणत्या तरी पोट्ट्यानं सांगितलं की काच काढून परत बसवावी लागते, तर तीही काढली आणि बसवली. पुन्हा पाणी, आणि आता तर वरच्या कोपऱ्यातूनसुद्धा थेंब थेंब, जिथं आधी एक टिपूस येत नव्हता! गाडी माझ्याकडे आली ती ब्लोअर घरघर करतो म्हणून.

ग्लोव्ह बॉक्स काढला, केबिन फिल्टर बाहेर ओढला तर तो काळा, ओला आणि जड. फिल्टर असा भिजलेला दिसला की माझी नजर सरळ वायपरकडे जाते. वायपरचे हात काढले, जाळी उचलली आणि खाली बघतो तर कडुलिंबाची पानं, काड्या, मागच्या वर्षीच्या निंबोळ्या, धूळ, सगळ्याचा काळा लगदा बसलेला, आणि एका बियेला तर चांगला बोटभर कोंब फुटलेला. पाणी जायच्या कोपऱ्यातल्या भोकावर हे सगळं बूच लावल्यासारखं बसलं होतं. पाणी साचायचं, पातळी वाढायची आणि बाहेरची हवा घ्यायच्या तोंडातून सरळ ब्लोअरवर पडायचं. आपल्या गाड्यांत ब्लोअर डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, म्हणून ओलं होतं ते डावीकडचंच कार्पेट. लगदा हातानं काढला, मग्यानं पाणी टाकलं, भस्सकन चाकामागून खाली गेलं. गळती बंद.

पण वरच्या कोपऱ्यातली दुसरी गळती होतीच, आणि ती काकांनी स्वतः विकत घेतलेली. काच बसवतात ती पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटनं, आणि जिथं आधी सिलिकॉन लागलंय तिथं पीयू नीट धरत नाही. वरवर पुसून भागत नाही, त्याचा तेलकट थर राहतोच. त्यातून ज्या स्वस्त सिलिकॉनला सिरक्यासारखा आंबट वास येतो ते सुकताना ॲसिड सोडतं, आणि काच काढताना ब्लेडनं रंग खरवडला गेला असेल तर त्या पत्र्याला तिथंच गंज धरतो. ती फ्रेम घासून, प्रायमर मारून काच पुन्हा बसवायला जो खर्च आला त्यात वर्षभराचं सर्व्हिसिंग झालं असतं. पानं काढायला काय लागलं असतं? स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा तास.

म्हणून आधी शोधा, मग लिंपा. मी काय करतो ते सांगतो, पुस्तकातली पद्धत वगैरे नाही ही. ओल्या जागेच्या वरची सगळी ट्रिम (आतली प्लास्टिकची आवरणं) काढून पत्रा कोरडा पुसतो आणि त्यावर साधी टाल्कम पावडर मारतो. एक माणूस टॉर्च घेऊन आत, एक बाहेर नळी घेऊन. नळीला नोझल नाही, प्रेशर वॉशर तर अजिबात नाही, त्यानं चांगल्या रबरातूनही पाणी घुसतं. पाणी हळू सोडायचं आणि खालून सुरुवात करून वर जायचं. आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची खालची कड, मग जाळी, मग काचेची वरची कड, शेवटी छप्पर. एका जागी निदान पाच-दहा मिनिटं. वरून सुरुवात केली की सगळंच एकदम ओलं होतं आणि काहीच कळत नाही. पावडरीवर पाण्याची बारीक रेघ उमटते, ती रेघ उलटी वर चढत गेलं की बरोबर जागा सापडते. लोकांना इथंच दम निघत नाही, दोन मिनिटं पाणी मारलं की "नाही येऊन राहिलं भाऊ, सोडा" म्हणतात. अरे, पाऊस रात्रभर पडला होता ना!

आणि हो, गाडी उतारावर उभी असेल तर पाणी आत एकीकडे शिरतं आणि दिसतं भलतीकडेच. मागच्या सीटखाली ओलं असेल तर मागूनच आलं असं समजू नका.

पाऊस नसताना एसी लावून फिरल्यावर कार्पेट ओलं होत असेल तर पावसाला शिव्या देऊ नका, एसीचा ड्रेन पाइप चोक आहे. एसी चालू ठेवून गाडीखाली थेंब पडतात का बघा. पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल, काचेवर आतून तेलकट थर येत असेल तर ते कूलंट आहे, हीटरची कॉइल गळते आहे, ती दाखवून घ्या.

सनरूफवाल्यांसाठी. रबर बदलायच्या मागे लागू नका, रबर शंभर टक्के पाणी अडवतच नाही, पन्हाळ त्यासाठीच दिलेली आहे. सनरूफ उघडा, पुढच्या कोपऱ्यात ग्लासभर पाणी हळूहळू ओता, ते गाडीखाली पडलं तर पाइप मोकळा. पाणी तसंच उभं राहिलं तर पाइप चोक. आता इथं शॉर्टकटवाले पंक्चरच्या दुकानात जातात आणि कॉम्प्रेसरची हवा मारून घेतात. पाइप नुसता दाबून बसवलेला असतो, जोराच्या हवेनं तो आतल्या आत निसटतो, मग पन्हाळीतलं सगळं पाणी छताच्या कापडात आणि खांबातून खाली फ्यूज बॉक्सवर. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी मिळते, ती हळू सरकवा. तार घालू नका, पाइप फाटतो.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे वाळवणं. वरून हात लावला, कोरडं लागलं, झालं काम, मॅट टाका, परफ्यूमची बाटली लटकवा. कार्पेटच्या खाली फोमचा किंवा नमद्याचा जाड थर असतो, काही ठिकाणी दोन बोटं जाडीचा, तो पाणी धरून ठेवतो आणि वरचं कापड मात्र दोन दिवसांत सुकतं. खाली बुरशी, पत्र्याला गंज, आणि वायरिंगचे कनेक्टर हिरवे. बऱ्याच गाड्यांत सीटखालून किंवा पायाजवळून मेन वायरिंग जातं. मग हॉर्न आपोआप वाजतो, एअरबॅगचा लाइट लागतो, आणि लोक म्हणतात "इलेक्ट्रिकचा प्रॉब्लेम आहे."

सीट काढावीच लागते. काढायच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि थोडं थांबा, सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगचा किंवा बेल्टचा असतो, चालू गाडीत त्याला हात लावायचा नाही. कार्पेट उचला, खाली ठोकळे लावून वर धरा, वेट व्हॅक्यूमनं ओढा, फोम हातानं पिळा, मग दिवसरात्र पंखा. पंखा म्हणतोय, कूलर नाही! एका बहाद्दरानं घरचा डेझर्ट कूलर दारापाशी लावला, टाकीत पाणी, खस ओली, आणि वर मलाच विचारतो की तीन दिवस झाले तरी वाळत काहून नाही. ऑगस्टच्या दमट हवेत कार्पेट असंही लवकर सुकत नाही, त्याला वर ओली हवा पाजायची काय गरज? पंखा लावायची सोय नसेल तर काचा बंद करून, रिसर्क्युलेशनवर एसी लावून गाडी फिरवा, एसी हवेतली ओल ओढून घेतो. सुकलं वाटलं की फोमखाली टिश्यू दाबून बघा, तो कोरडा निघेपर्यंत कार्पेट बसवायचं नाही.

आता बाकीच्या चुका झटपट.

नवीन स्पीकर किंवा पॉवर विंडोच्या कामानंतर पाणी यायला लागलं तर दाराचं पॅनल उघडून बघा. आत एक प्लास्टिकची शीट काळ्या चिकट पट्टीनं लावलेली असते, फिटरची पोरं ती फाडतात किंवा अर्धीच चिकटवतात. नवीन ब्यूटाइल टेप लावून पूर्ण बसवा.

अंडरबॉडी कोटिंग करून घेताना दाराखालची भोकं बुजली नाहीत ना बघा. दार हलवल्यावर आतून पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर बुजली आहेत.

दाराच्या बीडिंगला (कडेच्या रबराला) फेव्हिक्विक नको. कडक होतं आणि तिथूनच फटतं. आपल्या उन्हानं बीडिंग असंही वाळतं, मी मार्चपासून पावसाळ्यापर्यंत अधूनमधून सिलिकॉन ग्रीस बोटानं चोळतो. हे ग्रीस वेगळं आणि ट्यूबवालं सीलंट वेगळं, एवढ्यावरून दुकानात गडबड होऊ देऊ नका. डिक्कीत पाणी असेल तर स्टेपनी उचलून बघा, नंतर टेललाइटचं गॅस्केट आणि छतावरच्या अँटेनाचं रबर. फॉगलॅम्पची वायर आत घेताना फायरवॉलचं (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याचं) रबर ब्लेडनं कापणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका.

आणि नरेंद्रनगरच्या अंडरपासात पाणी भरलंय हे दिसत असताना "निघेल निघेल" करत गाडी घालणं ही गळतीची केसच नाही. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन पहाटे डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत पाणी घुसलं तेव्हा उभ्या गाड्या बुडाल्या, त्यात कोणाचा काही दोष नव्हता. पण पाणी ओसरल्यावर "बघू तर, लागते का" म्हणून सेल मारायचा नसतो. इंजिनात पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या इन्शुरन्समध्ये हे इंजिनचं नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. बॅटरी काढा, फोटो काढा, टो करून न्या.

गळती दाखवायला गाडी आणाल तेव्हा धुऊन, पुसून, अत्तर मारून आणू नका. ओली आहे तशीच आणा, आणि आदल्या रात्री गाडी कुठं, कोणत्या झाडाखाली, तोंड चढाकडे की उताराकडे करून उभी होती तेवढं आठवून या.